एम.ए. सायकॉलॉजी झालंय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावता येईल का? आणि सायकिअॅट्रिस्टपेक्षा हे वेगळं कसं?

पाटी लावता येणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्याख्याच दिलेली आहे. आरसीआयमान्य (आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषद) पात्रता हवी, म्हणजे आजवर मुख्यतः एम.ए.नंतरचं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. नुसत्या पीएच.डी.नेही आरसीआयचा नोंदणी नंबर मिळत नाही, नावाआधी 'डॉ.' लागलं तरी.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे: 'आयक्यू टेस्ट तर मॅन्युअल वाचून कुणीही घेऊ शकतं ना?'

घेऊ शकतं. अशीच घेतलेली एक टेस्ट माझ्या टेबलावर आली होती. साडेआठ वर्षांचा मुलगा, घरी मराठी, शाळा इंग्रजी, वाचता येत नाही. रिपोर्ट एक पानाचा: 'आयक्यू ७८, बॉर्डरलाइन.' खाली एम.ए. झालेल्या समुपदेशकाची सही. चाचणी मालिनची, म्हणजे नागपूरच्या मालिन यांनी वेक्स्लरच्या अमेरिकन बुद्धिमापन चाचणीवरून बेतलेली. तिच्यात शाब्दिक आणि कृतीचे असे दोन भाग असतात आणि त्यांची सरासरी म्हणजे एकूण आयक्यू. मूळ उत्तरपत्रिका मागवली. शाब्दिक ६२, कृती ९४. बत्तीस गुणांची दरी असताना सरासरी काढणं म्हणजे एक पाय बर्फात नि एक निखाऱ्यावर ठेवून 'तापमान ठीक आहे' म्हणणं. दरी का पडली? शब्दार्थ इंग्रजीत विचारले होते. वेळ शाळा सुटल्यावरची, संध्याकाळी साडेपाचची, सगळं एका बैठकीत. वाईनलँड, म्हणजे मूल रोजच्या व्यवहारात काय काय करतं हे पालकांना विचारून मोजायची चाचणी, केलेलीच नव्हती. पोरगं किराण्याच्या दुकानातून यादीप्रमाणे सामान आणि बरोबर सुटे पैसे आणत होतं. आईला विचारायला पाच मिनिटं पुरली असती.

यात नुकसान काय झालं ते बघा. केंद्राच्या २०१८ च्या नियमावलीत अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी आयक्यू ८५ च्या वर लागत होता. ७८ लिहिल्यामुळे वाचनाची चाचणीच झाली नाही. आणि तीच चाचणी लगेच परत घेता येत नाही, मुलाला कोडी आठवतात आणि कृतीचे गुण फुगतात. वर्षभर थांबावं लागलं. मग दोन सकाळी, मराठीतून: शाब्दिक ९१, कृती ९६. निमहान्स बॅटरीत, म्हणजे अध्ययन अक्षमता तपासायच्या चाचण्यांच्या संचात, चौथीतला मुलगा पहिलीच्या पातळीवर वाचताना दिसला. एक शैक्षणिक वर्ष गेलं ते गेलं. मालिनचे निकष १९६० च्या दशकातले आहेत, त्यामुळे आजच्या मुलांना गुण जरा जास्तच पडतात. हे माहीत असलेला माणूस ८६ आणि ८४ मध्ये भिंत बांधत नाही.

मॅन्युअलमध्ये प्रश्न असतात. चष्मा घरी राहिलाय का, फिट्सच्या गोळीने मूल मंद झालंय का, हे मॅन्युअल सांगत नाही.

उपचारातही तेच. हात धुण्याचा ओसीडी घ्या, म्हणजे घाणीच्या भीतीने पुन्हा पुन्हा हात धुवायला लावणारा आजार. समुपदेशक मायेने सांगतो, 'काही होणार नाही हो.' तेच आश्वासन आजाराला खतपाणी घालतं, रुग्ण दर तासाला ते मागायला लागतो. करायचं असतं ते असं: भीतीच्या गोष्टींची ० ते १०० यादी, तिशी-चाळिशीतल्यापासून सुरुवात, दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. अर्धा तास, पाऊण तास, अस्वस्थता आपोआप उतरेपर्यंत. दहा मिनिटांत घाबरून थांबवलं तर 'पळालो म्हणून वाचलो' हेच पक्कं होतं. घरच्यांनाही आश्वासन देणं बंद करायला शिकवावं लागतं.

सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसवर एम.डी. औषधं, शॉक ट्रीटमेंट, लिथियम या औषधाची रक्तातली पातळी, उदासीमागे थायरॉइड आहे का, हे त्यांचं. आम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळी लिहू शकत नाही आणि लिहूही नये. कानात आवाज येतात, चार रात्री झोप नाही तरी उत्साह उतू जातोय, मरणाची भाषा आहे, तर आधी त्यांच्याकडेच. समुपदेशक, आम्ही आणि सायकिअॅट्रिस्ट यांच्याशिवाय सायकिअॅट्रिक सोशल वर्कर हा चौथा व्यवसाय. रुग्ण घरी परतल्यावरची घडी बसवणारा, आणि सगळ्यात दुर्लक्षित.

आता जरा सबुरीनं: चांगले समुपदेशक मी पाहिलेत. नवरा-बायकोचे वाद, परीक्षेचा ताण, शोक यात कित्येकदा ते आमच्यापेक्षा सरस असतात. तुम्ही 'समुपदेशक' लिहा, त्यात कमीपणा काही नाही. पुढे शिकायचंच असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या: यूजीसीने क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली होती, त्यामुळे फी भरण्याआधी त्या वर्षाची आरसीआयची मान्यताप्राप्त यादी उघडून बघा. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

पालकांसाठी: रिपोर्टवर आरसीआय नंबर, चाचणीची भाषा, दोन्ही भागांचे वेगळे गुण आणि वाईनलँड नसेल तर तो घेऊ नका. आणि सायकिअॅट्रिस्ट मंडळींशी माझं जुनं भांडण आहे ते इथेही मांडते. नुसतं 'आयक्यू करून पाठवा' अशी चिठ्ठी ते देतात; तशी चिठ्ठी हिमोग्लोबिनच्या तपासणीसाठी ठीक आहे. मूल वाचत नाही, की ऐकत नाही, की सर्टिफिकेट हवंय, हे त्यावर लिहिलेलं नसेल तर पालकांनीच ती परत न्यावी आणि प्रश्न लिहून आणावा.