परसात शेड: रेडीमेड घ्यायची की बांधून घ्यायची?

भावा, आधी आत काय ठेवणार ते ठरव. नुसती खुरपी, पाइप, दोन-चार खताच्या गोण्या असतील तर रेडीमेड चालून जाईल, पण तू कोकणात आहेस ना, तिथे वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस आणि वर समुद्राचा खारा वारा, त्या पातळ पत्र्याच्या शेड लवकर गंजतात आणि खाली नीट बोल्ट मारले नाहीत तर वादळात उडतात पण. मी तर म्हणेन गावातल्या फॅब्रिकेटरकडून बांधूनच घे. खाली चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जोतं, जमिनीपासून फूटभर तरी वर, नाहीतर पाणी आणि वाळवी दोन्ही आत. पत्रा कलर कोटेड 0.50 मिमीचा माग, 0.35 चा गळ्यात मारतील, आणि स्क्रू रबर वॉशरवालेच, गळती तिथूनच सुरू होते. उतार घराच्या भिंतीकडे अजिबात नको. रंगाआधी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) मारलाय का बघ, वेल्डिंगच्या जॉइंटवर तर खास. आणि माडाखाली नको हां, एक नारळ पडला की पत्र्याला खड्डा. ग्रामपंचायतीत आधी विचारून घे, पक्कं बांधकाम धरलं तर घरपट्टी वाढू शकते.