टाकळ्याच्या बियांतले क्रायसोफॅनॉल म्हणजे काय आणि त्याचा खरोखर उपयोग होतो का?

टाकळ्याच्या बियांमध्ये क्रायसोफॅनॉल नावाचे द्रव्य असते असे आपल्या वाचनात आले आहे. ते नेमके काय आहे, त्याने गजकर्ण बरे होते का आणि बद्धकोष्ठावर बियांची पूड घेतलेली चालेल का, असे आपण विचारले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवते आणि टाकळा आमच्या कुंपणालगतच उगवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

क्रायसोफॅनॉल हे अँथ्राक्विनोन गटातले नारिंगी-पिवळे, स्फटिकरूप संयुग आहे. एकमेकींना जोडलेली कार्बन अणूंची तीन षटकोनी कडी, मधल्या कडीवर समोरासमोर दोन ऑक्सिजन आणि बाजूच्या कड्यांवर दोन हायड्रॉक्सिल (OH) गट व एक मिथिल (CH₃) गट अशी त्याची रचना असते. नावातला ‘क्रायसो’ हा ग्रीक शब्द सोन्यासाठी आहे. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, पण अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या द्रावणात, विरघळले की लाल होते. आमच्या प्रयोगशाळेत टाकळ्याच्या बियांची पूड सौम्य आम्लात उकळून, गाळून, गार झाल्यावर क्लोरोफॉर्मबरोबर हलवतात. तळाशी बसलेला पिवळसर थर वेगळा काढून त्यात कॉस्टिक पोटॅश या अल्कलीचे पातळ द्रावण घातले की परीक्षानळीतला वरचा थर गुलाबी-लाल होतो. पहिल्या पावसानंतर ज्याची कोवळी पाने खोबरे आणि फणसाच्या आठळ्या घालून लहानपणापासून खाल्ली, त्याच झाडाच्या बियांतून हा रंग निघताना पाहून मुले दर वर्षी थबकतात आणि मलाही तो तास फार आवडतो.

रेवंदचिनी या औषधी वनस्पतीच्या मुळांतही क्रायसोफॅनॉल भरपूर असते. एमोडिन, अ‍ॅलो-एमोडिन आणि ऱ्हाइन ही त्याची सख्खी भावंडे असून सोनामुखी, बहाव्याच्या शेंगेतला गर आणि कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक यांचा रेचक गुण याच कुळातल्या द्रव्यांमुळे येतो. (कोरफडीचा आतला पारदर्शक गर वेगळा, तो काढताना आपल्याकडे पिवळा चीक निथळू देतात, ते अगदी योग्य आहे.)

आता उपयोगाकडे वळते, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. वनस्पतीत पिवळे अँथ्राक्विनोन सापडले म्हणजे औषध सापडले, असे होत नाही. त्वचेवर असो वा आतड्यात, जोरकस परिणाम करते ते त्याचे ऑक्सिजन कमी असलेले रूप, ज्याला अँथ्रोन म्हणतात; हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की त्याचेच अँथ्राक्विनोन बनते आणि तो जोर ओसरतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्या किनाऱ्याशी जोडलेले आहे. एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ नावाची भुकटी गजकर्णावरचे औषध म्हणून प्रसिद्ध होती. नावावरून ती गोव्याची वाटते, पण मूळची ती ब्राझीलमधल्या बाहिया प्रांतातल्या अरारोबा वृक्षाच्या खोडातली, आणि पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्यात उतरणारी. तिच्यातले मुख्य द्रव्य क्रायसारोबिन, म्हणजे क्रायसोफॅनॉलचेच अँथ्रोन रूप. ते सोरायसिसवरही गुणकारी ठरले, मात्र कातडीची आग होणे, कपड्यांवर डाग पडणे आणि डोळ्यांना लागले तर ते सुजणे हे त्रास त्याला चिकटलेलेच होते. पुढे १९१६ च्या सुमारास जर्मनीत त्यातला मिथिल गट वगळून डायथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध तयार झाले आणि ते सोरायसिसवर आजही वापरतात. शुद्ध क्रायसोफॅनॉलचे मात्र कोणतेही प्रचलित औषध नाही. बुरशी, सूज, कर्करोगाच्या पेशी यांवर त्याचे प्रयोग परीक्षानळीत आणि उंदरांवर झालेले आहेत. तेवढ्यावरून माणसाच्या आजारावर दावा करणे मला पटत नाही.

टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द आणि दद्रुघ्न म्हणतात, त्यातले दद्रु म्हणजेच गजकर्ण, तेव्हा हा उपयोग जुना आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. पण आमच्या आत्याने एका पावसाळ्यात मांडीवरच्या गजकर्णावर लिंबाच्या रसात वाटलेले बी सलग चार दिवस लावले तेव्हा चट्ट्याभोवतीची कातडी सोलवटून निघाली आणि बुरशी मात्र कडेने पसरतच राहिली. घरी वाटलेल्या लेपात द्रव्य किती उतरले हे कळत नाही आणि लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात भाजूही शकते. आपल्या दमट हवेत ओले कपडे अंगावर वाळतात, तिथे अंग कोरडे ठेवणे आणि त्वचारोगतज्ज्ञाने दिलेले बुरशीनाशक मलम सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावणे हाच खात्रीचा मार्ग आहे. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम तर लेपापेक्षाही वाईट, कारण खाज थांबते आणि बुरशी वाढत राहते.

बद्धकोष्ठाचे तत्त्वही तेच आहे. सोनामुखीतली सेनोसाइडे ही रेचक द्रव्ये साखरेला जोडलेली असल्यामुळे न शोषली जाता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात, तिथले जिवाणू ती साखर तोडून ऱ्हाइनचे अँथ्रोन मोकळे करतात, आतड्याची हालचाल वाढते, पाणी कमी शोषले जाते आणि सहा ते बारा तासांत पोट साफ होते. अधूनमधून, ठरलेल्या मात्रेत हे ठीक आहे. महिनोन्‌महिने रोज घेतल्यास शरीरातले पोटॅशियम घटू शकते आणि आतड्याचे अस्तर काळपट पडते. टाकळ्याच्या घरगुती पुडीत तर मात्राच ठाऊक नसते, म्हणून ती आपण घेऊ नये, आणि घरात कोणी गरोदर असेल किंवा लहान मूल असेल तर त्यांना मुळीच देऊ नये. रोजच्या तक्रारीसाठी भरपूर पाण्याबरोबर इसबगोल घ्यावे आणि दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. कोवळ्या पानांची भाजी मात्र जूनमध्ये निःशंक खावी.