आठ दिवसांत पोटातल्या बाळाचं वजन दोनशे ग्रॅमनं घटू शकतं का?

तुम्ही लिहिलंय, तालुक्याला सोनोग्राफीत २.५ किलो सांगितलं, आठ दिवसांनी जिल्ह्याला २.३ आलं, आणि घरात रडारड चालू आहे. ताई, आधी घोटभर पाणी प्या. मी यवतमाळकडे उपकेंद्रावर नर्स आहे. असे दोन कागद घेऊन येणाऱ्या बाया मला नव्या नाहीत.

सोनोग्राफी बाळाला तोलत नाही. डोकं, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजायचं, अन् ती मापं सूत्रात घालून वजन काढायचं; बहुतेक मशीनमध्ये हॅडलॉकचं १९८५ चं सूत्र असतं. त्यात पोटाच्या घेराला फार महत्त्व. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात तो दांडा, जरा तिरपा पडला, बाळ वळलेलं असलं, की घेर सेंटिमीटरभर चुकतो आणि आकडा शंभरावर ग्रॅम सरकतो. तुमच्या कागदावर २३०० च्या पुढं ± ३३६ असं काहीतरी छापलेलं असेल, बघा. म्हणजे १.९६ ते २.६४. तुमचे अडीच किलो त्यातच आले.

मागल्या दिवाळीत एकीच्या कागदावर २.४ होतं. सासू म्हणे, कापूस वेचायला गेली म्हणून लेकरू वाळलं. चौथ्या दिवशी बाळंत झाली. दुपट्याचं वजन वजा करून २.७६ भरलं, तर सासूबाईंनी काटाच खराब म्हणून परत तोलायला लावलं! उलटंही होतं बरं. कागदावर ३.२, हातात २.८.

खरा घोळ तारखेचा असतो. पाळी कधी चुकली विचारलं की उत्तर येतं, "तान्ह्या पोळ्याच्या आसपास." त्यात पंधरा दिवस इकडं-तिकडं झाले तर 'महिन्याच्या मानानं वजन कमी' हा शेराच चुकतो, कारण या दिवसांत बाळ आठवड्याला दोनेकशे ग्रॅम वाढतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद शोधा. दिवस त्यावरूनच धरायचे.

पण वाढ खरंच अडली असेल, ही शक्यता उरतेच. जिल्ह्याच्या तपासणीत बाळाभोवतीचं पाणी आणि डॉपलर, म्हणजे नाळेतल्या रक्तप्रवाहाची तपासणी, ठीक होतं का, ते डॉक्टरांना आजच विचारा. पुढची तपासणी दोन-तीन आठवड्यांनी, त्याच सेंटरला. हालचाल कमी वाटली, डोळ्यापुढं अंधारी आली किंवा अंगावरून पाणी गेलं, तर तारखेची वाट बघू नका, १०८ लावा.