दरवर्षी पैसे मागते ती एफडी नव्हे, गुरुजी

परभणी जिल्ह्यातील सेलूहून एका निवृत्त जिल्हा परिषद शिक्षकांचे पत्र आले आहे. वय ६१, निवृत्तिवेतन दरमहा ३२ हजार, राष्ट्रीयीकृत बँकेत १८ लाखांच्या ठेवी. कलाशिक्षण घेतलेली त्यांची २६ वर्षांची मुलगी मानवत-सेलू पट्ट्यातील बंद पडलेल्या जिनिंगची कृष्णधवल छायाचित्रे फिल्मवर काढते. जुना हॅसलब्लाड कॅमेरा, घरातच डार्करूम (फिल्म धुऊन प्रिंट काढण्याची अंधारी खोली) आणि फिल्मचा साठा यांसाठी तिला ४ लाख रुपये हवे आहेत. ठेव मोडून ते द्यावेत का आणि प्रिंट विकून दोन वर्षांत परत येतील का, असे गुरुजी विचारतात. पत्राच्या शेवटी जाता जाता ते लिहितात, ‘‘याशिवाय मागच्या वर्षी बँकेतल्या साहेबांनी ३ लाखांची एक चांगली एफडी करून दिली आहे. तिचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. सात वर्षे भरले की दुप्पट होतात.’’ सोबत त्या कागदांच्या दोन पानांचे फोटो आहेत.

आदरणीय गुरुजी,

मुलीच्या कॅमेऱ्याकडे नंतर येतो, कारण त्या प्रश्नाला घाई नाही. ज्याला घाई आहे तो प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. मुदत ठेवीत पैसे एकदा ठेवतात, तिला दरवर्षी हप्ता नसतो. तुम्ही पाठवलेल्या पहिल्याच पानावर वार्षिक प्रीमियम ३ लाख, प्रीमियम भरण्याची मुदत ७ वर्षे आणि पॉलिसीची मुदत १५ वर्षे असे छापलेले आहे. ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे. सात वर्षे भरल्यानंतर आणखी आठ वर्षे थांबायचे आहे, म्हणजे पैसे हाती येतील तेव्हा तुमचे वय ७५ असेल. आयुर्विमा घ्यावा अशी तुमची परिस्थितीही नाही. तुमच्या मिळकतीवर घर चालत नाही, निवृत्तिवेतनावर चालते, आणि तुमच्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणारच आहे.

आता दुसऱ्या पानावरचा तक्ता पाहू. त्यात दोन रकाने आहेत, एक ४ टक्के परतावा गृहीत धरून आणि दुसरा ८ टक्के गृहीत धरून. पहिल्यात पंधराव्या वर्षी २६ लाख दिसतात, दुसऱ्यात ४० लाख. ‘दुप्पट’ म्हणजे ४२ लाख दोन्हीकडे नाहीत, ते फक्त साहेबांच्या तोंडी होते. तुम्ही भरणार एकूण २१ लाख. हिशेब केला तर पहिल्या रकान्यातला परतावा वर्षाला दोन टक्क्यांच्याही आत येतो आणि दुसऱ्यातला साडेपाचच्या आसपास. आठ टक्के कमावल्याचे धरूनही तुमच्या हाती साडेपाचच का, तर मधला फरक विक्रीखर्च, व्यवस्थापन आणि तुम्हाला नको असलेले विमा संरक्षण यांत जातो. ज्या माणसाने हे कागद पुढे सरकवून ‘इथे सही करा’ म्हटले, त्याला हे ठाऊक नव्हते असे मी मानत नाही.

उरलेले सहा हप्ते म्हणजे १८ लाख, आणि तुमच्या सगळ्या ठेवी मिळूनही १८ लाखच होतात. ही पॉलिसी शेवटपर्यंत भरायची तर दरवर्षी एक ठेव मोडत जाऊन सहाव्या वर्षी हातात निवृत्तिवेतनाखेरीज काही उरणार नाही. घरात कोणी आजारी पडले तरी पंधराव्या वर्षाची वाट पाहावी लागेल, किंवा तोटा सोसून पॉलिसी मोडावी लागेल.

‘पण ३ लाख भरून झाले आहेत, ते बुडतील,’ असे तुमच्या मनात येईल. तेव्हा सगळ्यात वाईट धरू आणि पहिला हप्ता पूर्ण गेला असे समजू. उरलेले ३-३ लाख सहा वर्षे तुम्ही स्वतः ७ टक्क्यांनी गुंतवले आणि व्याजाला हात लावला नाही, तर त्याच पंधराव्या वर्षाच्या अखेरीस सुमारे ३९ लाख होतात. म्हणजे ३ लाखांवर पाणी सोडूनही तुम्ही कंपनीच्या ८ टक्क्यांच्या रकान्याच्या जवळपास पोहोचता आणि ४ टक्क्यांच्या रकान्याच्या कितीतरी पुढे जाता. शिवाय या काळात पैसा तुमच्या ताब्यात राहतो.

प्रत्यक्षात सगळे ३ लाख जाणार नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचा पूर्ण प्रीमियम भरलेला असेल, तर ते वर्ष संपल्यावर काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडल्यास परत येणारी रक्कम, मिळते. ते किती, हे कंपनीकडून लेखी मागा. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती विनाअट परत करण्याची सवलत असते. ती मुदत तुमच्या बाबतीत कधीच उलटून गेली आहे. तरीही एफडी म्हणून विमा विकला ही तक्रार करता येते आणि ती करावीच. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि बँकेच्या शाखाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, त्यात पूर्ण प्रीमियम परत मागा आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. पॉलिसी देण्याआधी कंपनीतून पडताळणीचा फोन आला असेल आणि ‘सगळ्याला हो म्हणा’ असे कोणी शिकवून ठेवले असेल, तर तेही अर्जात लिहा. कंपनी त्याच फोनचे ध्वनिमुद्रण तुमच्याविरुद्ध पुढे करील. म्हणून तक्रार यशस्वी होईलच असे धरून चालू नका.

आता मुलीचे ४ लाख. तिचे काम मी पाहिलेले नाही आणि पाहिले असते तरी त्याचा दर्जा ठरवणे माझे काम नव्हे. पैसे दोन वर्षांत परत येतील का, एवढेच सांगतो: येणार नाहीत. १२० या मापाच्या फिल्मच्या एका रोलवर हॅसलब्लाडमध्ये बारा फ्रेम निघतात. रोल १,२०० रुपयांना धरला तर एकदा बटण दाबले की १०० रुपये गेले. वर्षाला साठ रोल, कागद आणि रसायने धरून खर्च लाखाच्या वर जातो. नवोदित छायाचित्रकाराचा प्रिंट ५ हजारांना विकला गेला, कलादालनाने ४० टक्के घेतले आणि फ्रेमचे १,२०० गेले, तर हातात १,८०० उरतात. वर्षाचा खर्च भागवून दोन वर्षांत ४ लाखही फेडायचे, तर वर्षाला सुमारे १७० प्रिंट विकावे लागतील, म्हणजे दर दोन दिवसांनी एक. मान रे या अमेरिकी छायाचित्रकाराच्या १९२४ मधील एका छायाचित्राला २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी २४ लाख डॉलर आले, याचा तुम्ही उल्लेख केला आहे. मान रे १९७६ मध्येच वारला होता. ते पैसे प्रिंटच्या मालकांना गेले.

म्हणून ४ लाख देऊ नका, १ लाख द्या, आणि तेही परत येण्याची अपेक्षा न ठेवता, लग्नात घालतो तसे. हॅसलब्लाड नसल्याने काम अडत नाही. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एखादा जुना स्टुडिओ असतो, जिथे लग्ने काढलेला यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा कपाटात पडून आहे. त्यावरही तोच १२० चा रोल चालतो आणि तशाच चौकोनी बारा फ्रेम मिळतात. पैसे देण्याआधी शटर आणि भिंगावरची बुरशी मात्र तपासून घ्यावी. निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढण्याचे यंत्र, म्हणजे एन्लार्जर, तोही अशाच ठिकाणी जवळपास भंगाराच्या भावाने मिळतो.

डार्करूमसाठी वातानुकूलित खोलीचा खर्च तिने धरला आहे, तो का हे मला समजते. डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, २० अंश तापमान लागते आणि मे महिन्यात आपल्याकडे टाकीतले पाणी तिशीच्या पुढे असते. पाणी गरम झाले की डेव्हलपिंगचा वेळ घटतो आणि तो पाच मिनिटांच्या आत आला की निगेटिव्ह सगळीकडे एकसारखी उमटत नाही. पण त्यासाठी खोली गार करण्याची गरज नाही. फिल्मची टाकी आणि रसायनाच्या बाटल्या बर्फ घातलेल्या घमेल्यात ठेवल्या तरी भागते. नळ आठ दिवसांनी येणाऱ्या गावात खरी अडचण धुण्याच्या पाण्याची आहे. प्रिंटच्या फायबरच्या कागदाला तासभर वाहते पाणी लागू शकते, रेझिनचा थर दिलेल्या कागदाचे दोन मिनिटांत भागते, तेव्हा सराव दुसऱ्यावर करावा आणि पहिला प्रदर्शनासाठी राखावा. जिनिंगच्या मालिकेसारख्या एका विषयाच्या कामासाठी बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे अनुदानाचा अर्ज करावा; वडिलांच्या ठेवीपेक्षा तो पैसा तिच्या हिताचा आहे.

तुमच्या १८ लाखांपैकी १ लाख तिला, ३ लाख अडीअडचणीसाठी बँकेतच, आणि उरलेले १४ लाख ठेवींच्या मुदती संपतील तसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. एप्रिल २०२३ पासूनचा ८.२ टक्के दर धरला तर दर तिमाहीला २८,७०० रुपये येतात. तुमच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत आयकर लागणार नाही. या व्याजातून मुलीला पुढे दोन-चार रोल घेऊन द्यायचे असतील, तर खुशाल द्या.

मात्र सर्वांत आधी शाखेत जाऊन प्रीमियम खात्यातून आपोआप वळता करण्याची संमती लेखी रद्द करा आणि पोच घ्या, नाहीतर हे सगळे वाचून होईपर्यंत ३ लाख गेलेले असतील. देय तारखेनंतरही ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात सरेंडर मूल्याचे लेखी उत्तर मिळवता येईल. साहेब ‘अजून दोनच हप्ते भरा, मग काढून देतो’ म्हणतील; त्यांना तेही लेखी द्यायला सांगा.