दोन तास दार लावून घे

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोबत पाठवलेलं वेळापत्रकही पाहिलं. आठ ते तीन, सात रकाने, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. आणि खाली तू लिहिलंयस, "मावशी, दिवसभर पळते आणि रात्री पाठ टेकली की वाटतं, आज मुलांना काहीच शिकवलं नाही." तिथे थांबले, उठून शेळ्यांना वैरण टाकून आले, मग पुढचं वाचलं. पंचवीस वर्षांपूर्वी मी माझ्या वहीत जवळजवळ हेच लिहिलं होतं.

मुलांना घरी का शिकवायचं, हे तुला सांगायला नको. पण ते वेळापत्रक भिंतीवरून उतरव. सकाळची जनावरं उरकली, सगळ्यांच्या पोटात काहीतरी गेलं, की फक्त दोन तास घे. दार लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि त्या दोन तासांत कुणासाठीही उठू नकोस.

कुणासाठीही म्हणजे कुणासाठीही. तू विषय कमी-जास्त करत बसली आहेस, आणि दुखणं दुसरीकडेच आहे. शेतावर राहणारी बाई घरीच असते, म्हणजे मोकळीच असते, असं सगळे धरून चालतात. शेजारीण कुंपणापाशी येऊन हाक मारते. कुणाला पंप सुरू करून हवा असतो, कुणाची गाय आपल्या रानात शिरलेली असते. एकेक काम दहा मिनिटांचं, पण तू परत येतेस तेव्हा थोरला झाडावर असतो, मधला गायब आणि धाकटी वहीवर डोकं ठेवून झोपलेली. वर्गात शिकवणाऱ्या बाईंना खिडकीतून कुणी अशी हाक मारतं का? तुला मारतात, कारण तू 'ओ' देतेस.

मीही दिली. सहा वर्षं दिली. जॉन होल्ट हे अमेरिकेतले शिक्षक. 'अनस्कूलिंग', म्हणजे शाळेच्या चौकटीबाहेर शिकणं, हा शब्द त्यांचा, आणि १९७७मध्ये त्यांनी घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी नियतकालिक काढलं. मूल स्वतःच्या ओढीनं शिकतं, हा त्यांचा विचार मला आजही मोलाचा वाटतो. पण मी त्या विचाराआड माझी दमणूक लपवली. मोठी दहा वर्षांची होऊनही अडखळत वाचायची. कुणी विचारलं की मी म्हणायचे, शिकेल तिच्या वेळेनं. होल्ट मुलांजवळ बसून ती काय करतात हे बारकाईनं बघायचे. मी जवळ नव्हतेच, मी गोठ्यात होते. एका संध्याकाळी परसात गेले, तर ती बियांच्या पाकिटामागची सूचना धाकट्या भावाकडून वाचून घेत होती. हळू आवाजात, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी दार लावलं.

दोन तास कमी वाटतील. शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षिकेनं एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय, की लहान मुलांचा धडा पंधरा-वीस मिनिटांहून लांबवू नये. उतारा एकदाच वाचायचा आणि मुलानं तो आपल्या शब्दांत सांगायचा. एकदाच! पुन्हा वाचणार नाही हे कळलं, की मूल कान देऊन ऐकतं. असे पाच-सहा धडे या वेळात बसतात.

गोठ्यातलं गणितही आत येऊ दे. आमची एक शेळी १० मार्चला फळली. शेळीचे दिवस साधारण १५०. मधला म्हणाला, म्हणजे पाच महिने, १० ऑगस्टला विणार. मोठीनं मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजले आणि ७ ऑगस्ट काढला. अर्धी सकाळ वादात गेली. कोणत्या महिन्याला ३१ दिवस, हे त्या दिवसानंतर पुन्हा शिकवावं लागलं नाही. शेळी ८ तारखेच्या पहाटे व्याली, दोन करडं. हे सगळं दाराआड बसून झालं. गोठ्यात उभं राहून, एका हातात बादली घेऊन झालं नसतं.

जन्म, जखम आणि आग, एवढ्यासाठीच मी उठले. एकदा गवत कापून वाळत घातलं होतं आणि साडेनऊला आभाळ भरून आलं. हे बाहेरून हाका मारत होते. मी उठले नाही. निम्मी वैरण काळी पडली, आणि हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आजही घरात तो विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. पण त्या वेळी मोठी आख्खं प्रकरण न अडखळता वाचत होती, पहिल्यांदाच. मी उठले असते तर ती थांबली असती. वैरण विकत आणता आली. मी चुकले नाही. हट्टी म्हण हवं तर.

उरलेला दिवस तुझ्या शेताचा, जनावरांचा, शेजारणीचाही. दुपारी तिच्याकडे स्वतःहून जा, हातभार लाव. ती चांगली बाई आहे, तुझ्या पत्रावरूनच कळतं. पहिला आठवडा ती रुसेल. रुसू दे. थोरलाही तुझी परीक्षा बघेल, मधेच पाणी मागेल, कोंबड्यांचा आवाज आला म्हणेल. तांब्या आधीच भरून जवळ ठेव. आणि पोरी, तूही उठू नकोस. तुझं पत्र वाचताना सारखं जाणवत होतं, की सगळ्यात आधी तूच उठतेस, हाक यायच्याही आधी.

त्या वेळापत्रकाची मागची बाजू कोरी आहे. सोमवारच्या आत मुलांकडून तिच्यावर दाराची पाटी लिहून घे. अक्षर मोठं काढायला सांग, कुंपणापासून वाचता आलं पाहिजे.

तुझी,
मावशी