वाचकांचे प्रश्न : गुडघ्याचे पॅड घेताना

प्रश्न : मी १६ वर्षे फरशी बसवण्याचे काम करतो. पूर्वी सिमेंटची रिकामी गोणी घडी करून गुडघ्याखाली घेत असे. गेल्या दोन वर्षांत पॅडच्या तीन जोड्या घेतल्या. पहिल्या दोन दुपारपर्यंत पोटरीवर उतरत. तिसरी घसरत नाही, पण तिचा बंद गुडघ्यामागे इतका काचतो की संध्याकाळी पायाला मुंग्या येतात. आता जाड गादीची महाग जोडी घ्यावी का, आणि ती किती टिकावी?
– एक फरशी कारागीर, सांगली

उत्तर : आपल्या तिन्ही जोड्यांची तक्रार गादीची नसून बंदांची आहे, त्यामुळे केवळ जाडीसाठी जास्त पैसे मोजू नयेत. एकच बंद असलेल्या पॅडमध्ये तो बंद चालता-बसताना आपोआप गुडघ्याच्या लवणीत जाऊन बसतो, कारण मांडी आणि पोटरी यांच्यामध्ये तीच जागा सर्वांत अरुंद असते. तिथे त्याची पकड राहत नाही, म्हणून पॅड खाली उतरतो. तो उतरू नये म्हणून आपण बंद आवळतो, आणि लवणीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या व नसा दाबल्या जातात. आपल्याला येणाऱ्या मुंग्या बहुधा याच दाबाच्या असाव्यात. दोन बंदांचा पॅड घ्यावा: एक गुडघ्याच्या वर मांडीवर, दुसरा लवणीच्या खाली पोटरी सुरू होते तिथे, आणि लवण पूर्णपणे मोकळी. बंद रुंद आणि ताणले जाणारे असावेत. ते उभ्याने न आवळता एक गुडघा टेकून आवळावेत, कारण पाय दुमडल्यावर मांडी आणि पोटरी फुगते आणि उभ्याने बेताचा वाटलेला बंद खाली बसताच रुतू लागतो.

दुकानात ‘गुडघ्याचे पॅड’ म्हणून तीन वेगळ्या वस्तू समोर ठेवल्या जातात. औषधांच्या दुकानातली विणलेली नी कॅप सांध्याला आधार देते. तिच्यात फरशीचा दाब अडवणारे काहीच नसते. स्केटिंगचे किंवा मोटारसायकलवाल्यांचे पॅड पडल्यावर बसणाऱ्या एका जोरदार धक्क्यासाठी केलेले असतात. त्यांची वाटी फुगीर असल्याने त्यावर तासभर टेकून बसले की गुडघा डावी-उजवीकडे डोलतो आणि तोल सांभाळण्याचा भार कंबरेवर येतो. आपल्याला हवा आहे तो टेकून काम करण्यासाठी केलेला, पुढून सपाट आणि पसरट असा कामाचा पॅड.

जाडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. चार बोटे जाड पण लिबलिबीत फोम दुकानात हाताला सुखाचा वाटतो आणि पंधरा मिनिटांच्या कामात पापडासारखा चपटा होतो. मग गुडघा आणि फरशी यांच्यामध्ये नावापुरतेच काही उरते. चांगल्या पॅडमध्ये कातडीकडचा थर मऊ आणि फरशीकडचा थर घट्ट असतो. अंगठ्याने जोराने दाबून दहापर्यंत मोजावे आणि सोडावे. खड्डा लगेच भरून आला तर फोममध्ये जीव आहे, ठसा रेंगाळला तर ती जोडी ठेवून द्यावी. जेलचा थर सपाट जमिनीवर दाब छान पसरवतो, पण तो जड असतो आणि उन्हाळ्यात गरम होतो. दिवसभर वागवायला मला तरी तो पटत नाही.

युरोपात या वस्तूसाठी ईएन १४४०४ नावाचे मानक आहे आणि आयात केलेल्या काही पॅडांवर तो आकडा छापलेला आढळतो. त्यातल्या शून्य पातळीचा पॅड फक्त सपाट जमिनीसाठी असतो आणि टोकदार वस्तूपासून संरक्षणाची हमी देत नाही. पहिल्या पातळीचा पॅड किमान १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलोच्या भाराइतका, टोचणारा जोर अडवतो आणि दुसऱ्या पातळीचा २५० न्यूटन. शिक्का नसेल तर घरगुती परीक्षा पुरते. जमिनीवर बारीक खडीचा एक दाणा ठेवावा, पॅड बांधून नेमका त्यावर गुडघा टेकावा आणि संपूर्ण वजन टाकावे. दाणा कळला, तर पॅड आपल्या कामाचा नाही, कारण फरशीच्या कामात तुटलेला स्पेसर, कटरची कपची आणि वाळलेल्या मालाचा खडा पायाखाली असतातच.

आपल्या कामात आणखी एक अडचण आहे: कठीण प्लास्टिकची वाटी पॉलिश केलेल्या टाइलवर सरकते, आणि तिच्या कडेत एखादा वाळूचा कण अडकला तर मालकाच्या नव्याकोऱ्या फरशीवर ओरखडा उठतो. वाटी बसवणारे धातूचे रिव्हेट बाहेर डोकावत असतील तर तो धोका अधिकच. म्हणून बसवलेल्या फरशीवर टेकायचे असेल तर रबरासारख्या मऊ पृष्ठभागाचा पॅड घ्यावा. मात्र काळ्या रबराचे डाग फिकट टाइलवर पडत नाहीत ना, हे एका तुकड्यावर घासून आधीच पाहावे. कठीण वाटी खडबडीत कोब्यावर किंवा स्लॅबच्या सळया बांधताना शोभते.

टिकण्याचे म्हणाल, तर मी महिन्यांचा आकडा देणार नाही, कारण रोज आठ तास टेकणारा आणि आठवड्यातून दोनदा टेकणारा यांचा हिशेब एक होत नाही. झिजण्याचा क्रम मात्र बहुधा ठरलेला असतो. आधी वेल्क्रो जाते, मग बंदाची ताण, मग शिवण. वाटी सर्वांत शेवटी. म्हणून ज्याचे बंद वेगळे मिळतात आणि बदलता येतात, तो पॅड थोडा महाग असला तरी अंती स्वस्त पडतो. वेल्क्रोच्या आकड्यांत सिमेंटची भुकटी बसून ते चिकटेनासे होतात. जुन्या टूथब्रशने, आणि फारच घट्ट बसले असेल तर सेफ्टी पिनेच्या टोकाने, ते ओळीओळीने मोकळे करावेत. पॅड आधी कोरडाच झटकावा, मग साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. टाइल धुण्याच्या ॲसिडने तो स्वच्छ करण्याची युक्ती काही साइटवर चालते, ती करू नये. बंद कुजतो आणि राहिलेले ॲसिड कातडीला लागते.

प्रश्न : माझा बांधकामाचा छोटा व्यवसाय आहे. चिऱ्याचे बांधकाम आणि गच्चीवरचा कोबा अशी कामे असतात. बारा कामगारांना पॅड आणून दिले, पण आठवड्याभरात सगळे खोपटात पडून राहिले. त्यांना सवय कशी लावावी?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सवयीचा प्रश्न येण्याआधी ते बसतात कसे हे पाहावे. आपल्याकडचा गवंडी युरोपातल्या कारागिराइतका गुडघे टेकत नाही. तो उकिडवा बसतो, सरकतो, मध्येच एक गुडघा टेकतो आणि पुन्हा उकिडवा होतो. बांधलेला पॅड उकिडवे बसताना मांडी आणि पोटरी यांच्यामध्ये घट्ट होतो, आणि माणूस तो काढून टाकतो, यात त्याचा हट्ट नाही. अशा कामगारांना बंदांचे पॅड न देता गुडघ्याखाली घेऊन पुढे सरकवता येईल अशी जाड, पाणी न शोषणाऱ्या फोमची चटई द्यावी. कोबा घोटणाऱ्या आणि सलग टेकणाऱ्या दोघा-तिघांनाच बंदांचे पॅड लागतील. त्यांना स्वतः निवडू द्यावेत, कारण सर्वांना एकाच मापाचे दिले की बाराही जणांची गैरसोय ठरलेली.

दुसरा मार्ग शिंप्याकडचा आहे. जाड कापडाच्या पँटला गुडघ्यावर कॅनव्हासचा कप्पा शिवून त्यात फोमचा तुकडा सरकवता येतो आणि बंद लागतच नाहीत. कप्प्याची खूण मात्र माणूस गुडघे टेकून बसलेला असताना करावी; उभ्याने केली तर टेकताना पँट वर ओढली जाते आणि फोम मांडीवर राहतो.

ओल्या कोब्यावर एक काळजी आवर्जून घ्यावी. ओले सिमेंट अल्कधर्मी असते, आणि त्याचे पाणी पॅड आणि कातडी यांच्यामध्ये अडकले तर भाजते. सुरुवातीला दुखत नसल्याने माणूस काम चालू ठेवतो आणि संध्याकाळी पॅड सोडल्यावर जखम दिसते. पॅड आत भिजला की तो त्याच क्षणी सोडून पाय भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचा, कोरडी पँट घालायची आणि मगच पुढचे काम. त्यासाठी साइटवर स्वच्छ पाण्याचे वेगळे पिंप ठेवणे ही आपली जबाबदारी आहे.

प्रश्न : माझे पती टाइल्स बसवतात. त्यांच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी मऊ सूज आली आहे. दुखत फारसे नाही. पॅड वापरले तर ती जाईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाटीच्या पुढे कातडीखाली एक बारीक पिशवी असते, आणि वारंवार टेकल्याने तिच्यात पाणी साचते, गुडघे टेकून काम करणाऱ्यांत ही सूज नेहमी दिसते. ती तीच आहे की दुसरे काही, हे डॉक्टरांनी हाताने तपासूनच सांगता येईल. तोवर त्या गुडघ्यावर टेकणे बंद ठेवावे. पॅड बांधून त्यावरच काम रेटू नये. सूज लाल आणि गरम झाली, ताप आला किंवा वरची कातडी खरचटलेली असेल, तर जंतुसंसर्गाची शक्यता असते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरी सुईने पाणी काढणे, शेकणे किंवा घट्ट बांधणे यांपैकी काहीही करू नये. सूज उतरल्यावर कामावर परतताना वाटीवर भार न देता तो वाटीच्या खाली नडगीच्या वरच्या टोकावर यावा, अशा पसरट पॅडने सुरुवात करावी आणि दर अर्ध्या तासाने उठून पाय सरळ करावा. टाइलच्या चार ओळी झाल्या की उठायचे, असे ठरवून घेतले तर घड्याळ पाहावे लागत नाही.