वाचकांचे प्रश्न : रुग्णवाहिकेवरील करिअर

प्रश्न : माझी मुलगी विज्ञान शाखेतून बारावी झाली असून तिला पॅरामेडिक व्हायचे आहे. प्रशिक्षणात नेमके काय असते?

उत्तर : आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ सेवेच्या रुग्णवाहिकांवर प्रामुख्याने डॉक्टरच नेमले जातात, त्यामुळे नोकरीसाठी रुग्णालयांच्या अपघात विभागांचाही विचार करावा लागेल. प्रशिक्षणात श्वसनमार्ग मोकळा ठेवणे, रक्तस्राव थांबवणे, मणका न हलवता जखमीला उचलणे हे शिकवतात. हृदय थांबलेल्या प्रौढाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबण्याचा सराव तर हात भरून येईपर्यंत (आणि तो येतोच) करावा लागतो. रुग्णवाहिकेवर प्रत्यक्ष काम किती तास मिळेल, हे शुल्क भरण्यापूर्वी संस्थेकडून लेखी घ्यावे.